टोंगळ्यात पुन्हा पुन्हा पाणी होतं: कारण कसं शोधायचं, काय करायचं

गुडघा, म्हणजेच टोंगळा, सुजतो. शेक, मलम, दोन-चार गोळ्या होतात, आठवड्यात सूज उतरते. महिना जात नाही तो पुन्हा तेच. मग कुणीतरी सांगतं म्हणून सुईनं पाणी काढून घेतलं जातं, दोन दिवस पाय हलका वाटतो आणि पंधरवड्यात टोंगळा परत तितकाच गच्च. नागपुरातल्या अस्थिरोगाच्या ओपीडीत हे गाऱ्हाणं रोजचं आहे. पाणी हा आजार नव्हे. सांध्याचं अस्तर चिडलं की ते जास्तीचं पाणी सोडतं. ते का चिडलं हे न शोधता नुसतं पाणी काढत राहिलं तर ते भरणारच. दोन गोष्टी सगळ्यात जास्त राहून जातात: काढलेलं पाणी तपासायला पाठवणं, आणि सूज उतरल्यावर मांडीचा स्नायू पुन्हा कमावणं.

आत काय आहे

गुडघ्याच्या सांध्यात तीन हाडं: वरून मांडीचं, खालून नडगीचं आणि पुढे वाटी. नडगीच्या बाहेरच्या अंगाचं बारीक हाड या सांध्यात येत नाही, पण त्याच्या टोकाला बाहेरच्या बाजूचं लिगामेंट (हाडाला हाड बांधणारा पट्टा) बांधलेलं असतं, म्हणून मार लागल्यावर तिथंही दाबून बघतात. हाडांची टोकं कूर्चेनं, म्हणजे गुळगुळीत आवरणानं, मढलेली असतात. कूर्चेत रक्तवाहिन्या नाहीत आणि मज्जातंतूही नाहीत. त्यामुळे ती झिजत असताना दुखत नाही आणि झिजल्यावर नीट भरूनही येत नाही. दुखतं ते तिच्याखालचं हाड आणि भोवतालचं अस्तर.

मांडी आणि नडगीच्या मध्ये दोन गाद्या असतात, त्यांना मेनिस्कस म्हणतात. आतल्या बाजूची गादी जास्त घट्ट बांधलेली असल्यामुळे पाय पिळवटला की तिला निसटायला जागा नसते आणि तीच जास्त फाटते. गादीच्या बाहेरच्या कडेलाच चांगला रक्तपुरवठा असतो. तिथली चीर भरू शकते, आतल्या कडेची सहसा भरत नाही. चार मुख्य लिगामेंट हा सांधा धरून ठेवतात: दोन बाजूंना दोन, आणि मधोमध एकमेकांना छेदणारी पुढची व मागची. पुढच्याला सगळे एसीएल म्हणतात.

आता अस्तर. निरोगी गुडघ्यात जेमतेम ३-४ मिली पाणी असतं, चमचाभरसुद्धा नाही. अस्तराचा एक कप्पा वाटीच्या वर सुमारे चार बोटं मांडीत शिरलेला असतो. पाणी वाढलं की ते आधी या कप्प्यात आणि वाटीच्या दोन्ही बाजूंना साठतं, म्हणून खरी सांध्याची सूज वाटीभोवती घोड्याच्या नालेसारखी दिसते.

गुडघा साधारण ३० अंशांत वाकलेला असताना आत सगळ्यात जास्त जागा असते. सुजलेला गुडघा म्हणूनच आपोआप थोडा वाकवून ठेवला जातो आणि खाली उशी घेतली की बरं वाटतं. ही उशी घातक आहे. दोन-तीन आठवडे तसंच झोपलं तर मागचे स्नायू आखडतात, पाय पूर्ण सरळ होत नाही, आणि अर्धवट वाकलेल्या पायावर चालताना वाटीवरचा दाब वाढून पुन्हा पाणी होतं.

याहून मोठी अडचण स्नायूची. सांध्यात अवघं २०-३० मिली पाणी जमलं तरी मांडीच्या पुढच्या स्नायूला, विशेषतः वाटीच्या आतल्या बाजूच्या भागाला, मज्जारज्जूकडून येणारा हुकूम कमी होतो. दुखत नसलं तरीही. स्नायू काम करत नाही म्हणून चालताना बसणारा धक्का थेट सांध्यावर जातो, अस्तर चिडतं, पाणी वाढतं, स्नायू आणखी झोपतो. कारण काहीही असो, आजार लांबतो तो या चक्रामुळे.

सूज नेमकी कुठे आहे ते आधी बघा

पाऊल आणि घोटा सुजलेला असेल, बोटानं दाबल्यावर खळगा पडत असेल, तर प्रश्न गुडघ्याचा नाही. हृदय, किडनी, शिरा, किंवा आपल्याकडे पूर्व विदर्भात अजूनही आढळणारा हत्तीरोग, त्या दिशेनं तपास हवा.

वाटीच्या बरोबर पुढे, कातडीखाली गोळ्यासारखी सूज असेल आणि गुडघा फारसं न दुखता वाकत असेल, तर पाणी सांध्यात नसून वाटीपुढच्या पिशवीत आहे. टाइल्स बसवणारे, गुडघ्यावर बसून फरशी पुसणाऱ्या बाया, प्लंबिंग-वायरिंगवाले यांना हे होतं. उपाय सरळ: टेकणं बंद, परत कामाला लागताना जाड फोमचे नी-पॅड, पुसायला लांब दांड्याचा मॉप. पण तिथली कातडी लाल आणि गरम असेल, खरचटलेलं असेल, तर पिशवीत जंतू गेलेत असं धरून त्याच दिवशी दाखवा.

गुडघ्याच्या मागे खळीत फुगवटा असेल तर तो बहुतेक वेळा बेकर सिस्ट. सांध्यातलं जास्तीचं पाणी एका दिशेनं मागच्या पिशवीत ढकललं जातं. नुसती सिस्ट उपसली तर ती परत भरते, कारण पाणी पुढून येतंय. ती फुटली तर पोटरी एकाएकी सुजते आणि दुखते, अगदी शिरेत गाठ झाल्यासारखी. हा फरक घरी करता येत नाही, सोनोग्राफी लागते.

सूज सांध्यातच आहे का, हे घरी असं बघता येतं:

१. पाय सरळ, मांडी ढिली, पाठीवर झोपा. उशी नको. दुसऱ्या कुणीतरी तपासलेलं बरं.
२. वाटीच्या आतल्या बाजूच्या खळीवरून तळहात खालून वर दोन-तीनदा फिरवा, म्हणजे तिथलं पाणी वर जाईल.
३. लगेच बाहेरच्या बाजूनं वरून खाली हात फिरवा. आतल्या खळीत फुगवटा परत उमटला तर थोडं पाणी आहे.
४. पाणी जास्त असेल तर ही खूण दिसत नाही, खळ्याच भरलेल्या असतात. अशा वेळी एका हातानं वाटीच्या वरचा भाग खाली दाबून धरा आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी वाटी सरळ खाली ढकला. ती हाडावर टक्कन आपटून परत वर येते.
५. शिंप्याच्या टेपनं वाटीच्या मधोमध घेर मोजा. दोन्ही पायांचा, रोज सकाळी, एकाच जागी. १ सेमीहून जास्त फरक वहीत लिहा.
६. हाताच्या मागच्या बाजूनं दोन्ही गुडघ्यांची ऊब ताडून बघा. निरोगी गुडघा मांडी-पोटरीपेक्षा किंचित गारच लागतो. सुजलेला तितकाच किंवा जास्त गरम लागला तर आत दाह आहे.

किती वेळात सुजला

मार लागल्यावर दोन तासांच्या आत गुडघा टम्म फुगला तर आत बहुधा रक्त आहे. कबड्डीत पाय रोवून वळताना 'कट्' आवाज आला, किंवा घसरणारी स्कूटर सावरायला पाय जमिनीवर दाबला आणि गुडघा पिळवटला, तर पहिला संशय एसीएलवर. वाटी सरकून परत बसणं किंवा सांध्यात उतरलेलं फ्रॅक्चर, हेही तपासावं लागतं. अशा वेळी वय ५५ च्या वर असेल, चार पावलंही टाकता येत नसतील, गुडघा ९० अंशांपर्यंत वाकत नसेल, किंवा नुसत्या वाटीवर वा बाहेरच्या बारीक हाडाच्या टोकावर दाबून दुखत असेल, तर एक्स-रे त्याच दिवशी काढा.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर सूज दिसली तर गादीची चीर जास्त संभवते. गुडघा मध्येच अडकतो, सरळ होत नाही, बसून उठताना आतल्या बाजूला कळ येते. थोडं बरं वाटलं की माणूस परत उकिडवा बसतो, गादीचा फाटलेला काठ पुन्हा चिमटतो आणि पाणी परत येतं.

मार न लागता रात्रीतून सुजला, पांघरुणाचा स्पर्शही सहन होत नाही, तर गाउट (युरिक ॲसिडचे स्फटिक सांध्यात साठणं) किंवा स्फटिकांचा दुसरा आजार. गाउटचा पहिला झटका सहसा पायाच्या अंगठ्याला येतो, पण गुडघाही सुटत नाही. मे महिन्यात नागपूर ४५ अंशांच्या वर तापतं, घाम जातो, पाणी कमी पडतं, रक्तातलं युरिक ॲसिड दाटतं. त्यात कलेजी, खूर, बीअर आली किंवा बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असली की झटक्याला वाट मिळते. लक्षात ठेवा, झटका चालू असताना रक्तातलं युरिक ॲसिड नॉर्मल येऊ शकतं. तेवढ्यावरून गाउट नाही म्हणू नका. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासा. उपचार चालू झाल्यावर पातळी ६ मिग्रॅ/डीएलच्या खाली ठेवायची असते.

हळूहळू, वर्षानुवर्षं, जिना उतरताना आणि उकिडवं बसल्यावर वाढणारी सूज ही झिजेची. सकाळचा आखडलेपणा अर्ध्या तासाच्या आत सुटतो. तोच तासाहून जास्त टिकत असेल, हाताची बोटं आणि मनगटंही सुजत असतील, तर तो आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड. त्याची औषधं वेगळी आहेत आणि ती लवकर सुरू झाली तरच सांधे वाचतात. त्याला 'वयानुसार आहे' म्हणून सोडून देणं हा मोठा अन्याय आहे.

आपल्या भागात ही कारणं विसरायची नाहीत

पावसाळ्यात ताप येऊन गेला आणि मागे मनगटं, घोटे, गुडघे सुजलेले राहिले तर चिकनगुनियाची तपासणी करा. २००६ च्या साथीत आणि २०२४ च्या पावसाळ्यात नागपूरनं हे पाहिलंय. पहिल्या आठवड्यात पीसीआर (विषाणू शोधणारी तपासणी) उपयोगी, त्यानंतर आयजीएम (प्रतिपिंडांची तपासणी). सांधेदुखी महिनोन्‌महिने रेंगाळू शकते. ताप असताना डेंग्यू नाही हे ठरेपर्यंत ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक घेऊ नका, रक्तस्रावाचा धोका असतो. पॅरासिटामॉलवर भागवा.

एकच गुडघा, महिनोन्‌महिने सुजलेला, फारसा गरम नाही, मांडी मात्र दिसण्याइतकी बारीक झालेली, संध्याकाळी कणकण, वजन उतरतंय: हा सांध्याचा क्षयरोग असू शकतो. खोकला नसला तरी असू शकतो. अशा गुडघ्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन गेलं तर काही दिवस छान वाटतं आणि आत आजार पसरतो.

विदर्भात सिकलसेलचं (रक्तातल्या तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकण्याचा आनुवंशिक आजार) प्रमाण जास्त आहे. लहान मुलाचा किंवा तरुणाचा गुडघा हाडं ठणकण्यासोबत सुजत असेल तर ती तपासणी झालेली असावी. सिकलसेल असलेल्यांनी गुडघ्यावर बर्फ ठेवू नये. गारव्यानं पेशी आणखी वाकतात, कोमट शेक बरा. मुलग्याचा गुडघा किरकोळ धक्क्यानं वारंवार फुगत असेल, दात पडताना रक्त थांबत नसेल, तर हिमोफिलिया, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा आजार. त्यात रक्त गोठवणारा फॅक्टर दिल्याशिवाय सुई घालायची नाही.

थांबायचं नाही अशा वेळी

गरम, सुजलेला, जराही हलवू न देणारा गुडघा आणि सोबत ताप, म्हणजे सांध्यात पू असू शकतो. मधुमेह्यांत, म्हाताऱ्या माणसांत, स्टेरॉइड घेणाऱ्यांत ताप नसूनही असतो. काही दिवसांत कूर्चा कायमची जाते, म्हणून रात्र असली तरी नागपुरातलं मेडिकल, मेयो, एम्स किंवा जवळचं मोठं रुग्णालय गाठा. जमलं तर पाणी आधी काढलं जावं आणि अँटिबायोटिक नंतर सुरू व्हावं; उलटं झालं तर जंतू कल्चरमध्ये (जंतू वाढवून बघण्याच्या तपासणीत) सापडत नाहीत. कृत्रिम गुडघा बसवलेला असेल तर दुसऱ्या कुठंही सुई घालू न देता शस्त्रक्रिया केलेल्या सर्जनकडेच जा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना गुडघा फुगला, किंवा सोबत पोटरी सुजली, तरी थांबू नका.

पहिले तीन दिवस

बर्फ टॉवेलमध्ये गुंडाळून १५-२० मिनिटं, दिवसातून ३-४ वेळा. पायाला बधिरपणा असलेल्या मधुमेह्यांनी १० मिनिटांवर जाऊ नये. गरम, सुजलेल्या गुडघ्याला तेल चोळणं आणि गरम लेप लावणं पूर्ण बंद. शेक फक्त गार, आखडलेल्या, झिजलेल्या गुडघ्याला. १५ सेमी रुंदीची क्रेप पट्टी पोटरीच्या मध्यापासून मांडीच्या मध्यापर्यंत बांधा, खाली किंचित घट्ट, वर सैल. बोटं निळी पडली किंवा मुंग्या आल्या तर सोडा, रात्री काढून ठेवा. पाय उंच ठेवायचा तर आधार टाचेखाली द्या. गुडघ्याखाली उशी नको. काठी धरायची ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात.

पॅरासिटामॉल एका वेळी ५०० मिग्रॅ ते १ ग्रॅम, दिवसभरात ३ ग्रॅमच्या वर नाही. सर्दीच्या गोळ्यांतलं पॅरासिटामॉलही त्यातच धरा. यकृताचा त्रास असेल तर मर्यादा डॉक्टरांना विचारा. बाकीच्या वेदनाशामक गोळ्या मनानं घेऊ नका. उन्हाळ्यात शरीरात पाणी कमी, त्यात बीपीची औषधं आणि वर या गोळ्या, हे त्रिकूट किडनीला फार महागात पडतं. 'एका पुडीत आराम' देणारी बिननावाची चूर्णं तर घेऊच नका. अशा चूर्णांत स्टेरॉइड मिसळलेलं आढळतं, आणि महिनोन्‌महिने घेतल्यावर ती अचानक सोडणंही धोक्याचं असतं, म्हणून डॉक्टरांना ती दाखवा.

पाणी काढायचं तर ते तपासायलाच

सिरिंजमधलं पाणी बेसिनमध्ये ओतलं गेलं की निम्मं उत्तर वाहून गेलं. काढण्याआधीच विचारा: "डॉक्टर, पाणी तपासायला पाठवणार ना?" तीन तपासण्या मागा: पेशींची संख्या, जंतूंसाठी ग्रॅम स्टेन व कल्चर, आणि स्फटिक. पेशींसाठी जांभळ्या टोपीची नळी, कल्चरसाठी निर्जंतुक बाटली. स्फटिक बघायला ध्रुवीय प्रकाशाचा सूक्ष्मदर्शक लागतो आणि तो प्रत्येक लॅबमध्ये नसतो, म्हणून आधी फोन करून घ्या. नमुना लगेच पोचवा; तासन्‌तास पडून राहिला तर पेशी फुटतात आणि आकडा खोटा कमी येतो.

डोळ्यांनाही बरंच कळतं. फिकट पिवळं, आरपार दिसणारं, बोटांत धरल्यावर तार धरणारं पाणी झीज किंवा गादीचं. त्यात पेशी (दर घन मिमीला) सहसा २,००० च्या खाली. गढूळ, पातळ, २,००० ते ५०,००० म्हणजे आमवात, गाउट असे दाह. ५०,००० च्या वर गेलं तर उलट सिद्ध होईपर्यंत पू समजून चालायचं, आणि आकडा कमी असला तरी जंतूसंसर्ग नाही अशी खात्री देता येत नाही. ताज्या माराच्या रक्तावर तेलाचे थेंब तरंगले तर हाडाच्या आतली चरबी बाहेर आली आहे, म्हणजे फ्रॅक्चर. तरुण माणसात मार नसताना दर वेळी तपकिरी, रक्ताळ पाणी निघत असेल तर अस्तराच्याच गाठीचा आजार शोधण्यासाठी एमआरआय हवा. क्षयरोगाच्या संशयात नुसतं पाणी पुरत नाही, अस्तराचा तुकडा काढून सीबीनॅटला (क्षयाचे जंतू ओळखणारी तपासणी) पाठवावा लागतो.

एक्स-रे दोन्ही गुडघ्यांचा आणि उभं राहून काढा. झोपून काढलेल्या फिल्मवर वजन नसतं, त्यामुळे हाडांमधली कमी झालेली जागा लपते आणि 'सगळं ठीक' असा निकाल येतो. एमआरआयची घाई नको: पन्नाशीनंतर गादीला चिरा काहीही त्रास नसलेल्या लोकांतही दिसतात, आणि चीर दिसली म्हणून तीच कारण ठरत नाही.

स्टेरॉइडचं इंजेक्शन दाह उतरवतं, पण एकाच गुडघ्यात दोन इंजेक्शनांमध्ये किमान तीन महिने जावेत. मधुमेह्यांची साखर त्यानंतर काही दिवस चढते, घरी मोजत राहा. जंतूंची शंका असताना ते नाहीच.

परत भरू नये म्हणून

सूज असतानाच पहिला व्यायाम सुरू होतो. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा खाली दाबा, मांडी घट्ट करा, ५-१० सेकंद धरा. १५ वेळा, दिवसातून तीनदा. वाटी वर सरकताना दिसली तर बरोबर होतंय. ते जमलं की दुसरा पाय वाकवून हा पाय सरळ ठेवत ३० सेमी उचला, ५ सेकंद धरा, हळू खाली. १० चे तीन फेर. उचलताना गुडघा किंचित जरी वाकत असेल तर स्नायू अजून जागा झालेला नाही, टॉवेलवर परत या. हे सहज झालं की घोट्याला अर्ध्या किलोची वाळूची पिशवी, मग उंच खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं. सायकल चालवायची तर सीट उंच ठेवा, पायडल खाली असताना गुडघा जवळजवळ सरळ व्हायला हवा.

भार किती सोसतो हे दुसऱ्या दिवशीची सकाळ सांगते. सूज किंवा दुखणं आदल्या दिवसापेक्षा वाढलेलं असेल तर भार निम्मा करा. व्यायाम सोडू नका.

सपाट चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट भार येतो, जिना उतरताना साडेतीन पटीच्या आसपास. वजन १ किलो उतरलं तर प्रत्येक पावलाला त्याच्या काही पट भार कमी होतो. झीज असलेल्यांना एवढा फायदा देणारी गोळी नाही. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. रामटेकचा गड पायऱ्यांनी चढायचा असेल तर उतरताना गाडी घ्या, त्रास उतरण्यातच जास्त आहे. फिरायला सेमिनरी हिल्सच्या चढ-उतारापेक्षा फुटाळ्याचा सपाट काठ बरा. निंदणीत किंवा भाजी निवडताना तासन्‌तास उकिडवं बसणं टाळा. शौचालयात कमोड नसेल तर प्लास्टिकची कमोड-खुर्ची मिळते, ती बसवून घ्या.

मांडी भरून येते की नाही, हे वाटीच्या वरच्या कडेपासून १५ सेमी वर मोजा. १० सेमीवर मोजलं तर कप्प्यातलं पाणी स्नायूत धरलं जातं. दोन्ही मांड्यांतला फरक १ सेमीच्या आत येईपर्यंत धावणं, कबड्डी आणि गुडघ्यावर टेकून करायचं काम लांबच ठेवा. वाटीवरचा घेर आठवड्यातून एकदा मोजत राहा. तो पुन्हा वाढताना दिसला तर गुडघा गच्च व्हायची वाट न पाहता त्याच आठवड्यात वही, जुन्या फिल्म आणि चालू औषधांची यादी घेऊन जा. पाणी आत असतानाच नमुना मिळतो, ओसरल्यावर तपासायला काही उरत नाही.